तुझा खुबा वाचला, इनास

इनास, तुला पुरलं तेव्हा तुझी सगळी हाडं तुझी स्वतःची होती. पेटीवर मूठभर माती टाकताना माझ्या मनात आधी हेच आलं. प्रार्थना नंतर आली. मला पुरतील तेव्हा माझ्या डाव्या खुब्यात धातूचा गोळा असेल. शेवटच्या दिवशी मेलेल्यांना उठवायला कर्णे वाजतील तेव्हा तू टुणकन उठून बसशील आणि मी कुणाचा तरी हात शोधत राहीन. हे तुझ्यासमोर बोललो असतो तर तू खो खो हसला असतास आणि संध्याकाळपर्यंत आळीभर सांगितलं असतंस. म्हणून बोललो नाही. आता सांगायला हरकत नाही.

मला तुझा हेवा वाटायचा. अजूनही वाटतो. तू गेल्यावर तो ओसरेल असं मला वाटलं होतं. पण तुझ्या अंगणात खुर्च्या अपुऱ्या पडल्या, माणसं केळीच्या वाडीत उभी राहिली, माणिकपूरच्या स्टँडवरचे रिक्षावाले रिक्षा बंद करून आले, पापडीच्या बाजारातली सुकी मासळी विकणारी बाई पदर तोंडाला लावून हुंदके देत होती, आणि मी पाहत होतो की एवढी माणसं माझ्या वेळी येणार नाहीत. इतकी वर्षं शाळेत मराठी शिकवतोय. पोरं रस्त्यात भेटली की पाया पडतात. पण ती वाडीत उभी राहणार नाहीत.

आपण चुलतभाऊ, एका कुंपणाच्या दोन बाजूंना वाढलेले. तू माझ्याहून तीन महिन्यांनी मोठा. त्या तीन महिन्यांचा तू जन्मभर फायदा घेतलास. पण आपल्यातला खरा फरक वयाचा नव्हता. तू ओरडायचास, मी गप्प बसायचो.

तुला ते जांभळाचं झाड आठवत असेल. आपण एकाच फांदीवर होतो आणि फांदीसकट खाली आलो. तू जी बोंब ठोकलीस ती ऐकून दोन वाड्या सोडून माणसं धावली. तुझं कोपर खरचटलं होतं. मी उठलो, चड्डी झटकली आणि घरी जाऊन पुस्तक उघडलं. दुसऱ्या दिवशी माझं मनगट सुजून पुरीसारखं झालं तेव्हा कळलं की हाड माझं मोडलंय. आई सगळ्यांना सांगत सुटली, "आमचा जोसेफ किती गुणी! तोंडातून शब्द नाही काढला पोराने." आणि मग वाटीभर शिरा घेऊन कुंपण ओलांडून तुझ्याकडे गेली, कारण तू अजून कण्हत होतास. मला शाबासकी मिळाली आणि तुला शिरा. त्या शाबासकीवर मी पुढची चाळीस वर्षं काढली.

साथीच्या दुसऱ्या लाटेत आपण दोघं एकाच आठवड्यात आडवे झालो. एकाच वॉर्डात, समोरासमोर. दोघांनाही ऑक्सिजन लागला, दोघांनाही तेच स्टिरॉइड दिलं. त्या औषधाला मी दोष देत नाही. ते नसतं तर आपण गेल्यानंतरच्या महिन्याच्या मिस्सा चर्चमध्ये तेव्हाच झाल्या असत्या. तू तेव्हासुद्धा तोंडावरचा मास्क बाजूला करून ओरडायचास, "सिस्टर, मास्तरकडे बघा, तो निळा पडलाय आणि सांगत नाहीये." मी निळा पडलो नव्हतो. थोडासा पडलो असेन.

आता तुला माहीत नसलेली गोष्ट सांगतो. त्यानंतर वर्षभराने जांघ दुखू लागली ती आधी माझी. तुझ्या कितीतरी आधी. फळ्यावर लिहिताना डाव्या पायावर भार दिला की आत काहीतरी कळ मारायचं आणि ती कळ गुडघ्यात उतरायची. मला वाटलं, गुडघ्याचंच आहे. वय झालं. गुडघ्याला तेल चोळलं, पट्टा बांधला, लीनाला सांगितलं नाही. एका घरात राहून बायकोला न कळू देणं सोपं नव्हतं, पण मला त्याची सवय होती.

आणि मग त्या रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर तू मधोमध थांबलास. मागचे लोक तुझ्यावर आदळले.

"मेलो रे मास्तर!"

"हळू. काय झालं?"

"जांघ! आतून कुणीतरी खिळा ठोकतंय. जांघेत!"

बायका दुसरीकडे बघून हसू लागल्या. मी मान खाली घातली. पण आपली सेसिलबाय, जिने सगळं आयुष्य इस्पितळात सिस्टर म्हणून काढलं, ती गर्दीतून वाट काढत आली. "इनास, तुला तेव्हा स्टिरॉइड दिलं होतं ना? उद्याच्या उद्या एमआरआय काढ. नुसत्या एक्स-रेवर थांबू नकोस, त्यात इतक्या लवकर दिसत नाही."

"अगं बाय, जांघेचा फोटो काढू?"

"काढ. मग चर्चच्या फळ्यावर लाव. पण काढ."

मी तुझ्या शेजारीच उभा होतो. माझ्या डाव्या जांघेत त्या क्षणी तोच खिळा होता. सेसिलबायचं प्रत्येक वाक्य मी ऐकलं आणि ते तुझ्यासाठी आहे असं समजलो.

तुझा दोष वेळेत सापडला. खुब्याच्या सांध्यात मांडीच्या हाडाचं जे गोल डोकं असतं, त्याचं रक्त थांबलं होतं आणि हाड आतून मरू लागलं होतं. पण गोल अजून गोल होता. तुला डॉक्टरांचं बोलणं कळलं नाही, म्हणून तू मला बोलावलंस. मी सगळं वाचून आलो. पुस्तकं मागवली, इंटरनेटवरचे लेख छापून घेतले, अधोरेखित केले. तुझ्या पलंगाशी बसून वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला आकृती काढली.

"हा काय लाडू काढलास?"

"हे हाडाचं डोकं. आत बघ, हा भाग मेलाय. वरचं कवच अजून शाबूत आहे. ते चेपायच्या आत काही करता येतं. बाजूने एक बारीक भोक पाडत मेलेल्या भागापर्यंत जायचं. आतला दाब कमी होतो, नव्या रक्तवाहिन्यांना वाट मिळते. तुझ्याच कमरेच्या हाडातला मगज काढून तिथे घालणार आहेत. मग काही आठवडे कुबड्या, पाय टेकायचा नाही. दर आठवड्याला हाडाची गोळी."

"आणि चेपला तर?"

"चेपला तर गोल बदलावा लागतो. धातूचा."

तू आकृतीकडे बराच वेळ पाहिलंस. मग माझ्याकडे. "मास्तर, तू का लंगडतोस?"

"नवी चप्पल आहे. चावते."

"चप्पल पायाला चावते. तू कमरेतून वाकडा चालतोयस."

"तू झोप बघू."

इनास, मी तुझ्यावरच्या उपचाराचा धडा तुला शिकवत होतो आणि माझा गोल त्याच खुर्चीवर बसून चेपत होता. माझ्याइतकं त्या दुखण्याबद्दल आळीत कुणाला ठाऊक नव्हतं, आणि तरीही ते माझ्यात असेल असं मला वाटलं नाही. तुला वाटलं. एका वाक्यात तू ते ओळखलं होतंस, आणि मी तुला झोपायला सांगितलं.

तुझ्या ऑपरेशनची गोष्ट तर तू अजरामर करून ठेवलीस. कमरेखालचा भाग बधिर केलेला, तू जागा. आधी तू 'नमो मरिये' म्हणत होतास, इतक्या मोठ्याने की भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, मनात म्हटलं तरी पोहोचतं." मग ड्रिल सुरू झालं आणि तू विचारलंस, "काय डॉक्टर, पाणी लागलं का? गोडं की खारं?" आपल्याकडे बोअर मारली की हा प्रश्न ज्याच्या त्याच्या तोंडी असतो, पण डॉक्टर मुंबईचे असूनही त्यांना तो कळला. म्हणाले, "रक्त लागलंय. गोडं आहे." ही गोष्ट तू किती लग्नांत सांगितलीस! प्रत्येक वेळी लोक हसले. दर वेळी मीही हसलो. माझ्या ऑपरेशनच्या वेळी मीसुद्धा जागा होतो. मला हातोडीचा आवाज येत होता. माझ्याही मनात एक विनोद आला होता. मी तो बोललो नाही, आणि आता तो आठवतही नाही.

तुझ्या कुबड्यांचे ते आठवडे म्हणजे जत्रा होती. कुणी मटण आणलं, कुणी वाइन. तू ओट्यावर खुर्ची टाकून बसायचास, कुबड्या दोन्ही बाजूंना भालदार-चोपदारासारख्या. काखेत लागतं म्हणून तू त्यांच्या डोक्याला जुन्या चौकड्याच्या लुंगीचे तुकडे गुंडाळले होतेस. मी कुंपणाच्या या बाजूने बघायचो. माझा पाय तेव्हा रात्रंदिवस ठणकत होता.

शेवटी लीनाने मला न विचारता वेळ घेतली आणि माणिकपूरला त्याच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, "सर, किती दिवस दुखतंय?"

"थोडे दिवस."

एमआरआय काढून आणल्यावर त्यांनी फिल्म उजेडासमोर धरली. "हे थोड्या दिवसांचं नाही. डावा गोल चेपलाय. आधी आला असतात तर तुमच्या भावासारखं भोक पाडून बघता आलं असतं."

तुमच्या भावासारखं. हे दोन शब्द त्यांनी सहज म्हटले. मी ते घरी आणले, आणि ते अजून घरातच आहेत.

पण ते पुढेही काही म्हणाले होते. उजवीकडेही एक डाग होता. लहान. दुखत नव्हता आणि गोल शाबूत होता. "हा वाचवता येण्यासारखा आहे. डावं बदलताना उजवीकडे भोक पाडून टाकू का?" मी म्हणालो, "एका वेळी एक." ते म्हणाले, "मग लक्ष ठेवा. मधूनमधून एमआरआय काढत राहू. आणि दुखलं की त्याच दिवशी या." मी एकदा गेलो. मग गेलो नाही.

माझ्या ऑपरेशननंतर तू वॉर्डात येऊन बसलास. मला कळा येत होत्या. मी छताकडे बघत होतो. तू माझ्या तोंडाकडे पाहिलंस आणि दारात जाऊन ओरडलास, "अहो, याला दुखतंय! हा सांगणार नाही, मी सांगतोय!" सिस्टर इंजेक्शन घेऊन आली. मला तुझा इतका राग आला होता की सांगता येत नाही. आणि ते इंजेक्शन अंगात उतरलं तेव्हा तुझा हात माझ्या कपाळावर होता आणि तो तू काढू नयेस असं मला वाटत होतं. हेही तेव्हा बोललो नाही.

त्यानंतर सुरू झालं आपलं भांडण. ते अजून मिटलेलं नाही. दर रविवारी पहाटे उपाशी पोटी तू हाडाची गोळी घ्यायचास. ग्लासभर पाणी प्यायचं आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, हा नियम. तो अर्धा तास तू कुंपणाशी उभा राहून माझ्यावर खर्च करायचास.

"उजवीकडचं काय?"

"ठीक आहे."

"ठीक म्हणजे दुखतं की नाही?"

"ठीक म्हणजे ठीक."

"तुझ्या पोरांनी पेपरात असं उत्तर लिहिलं तर किती मार्क देशील?"

"इनास, मिस्सेला उशीर होईल."

"माझा गोल गोल आहे म्हणून तुझा जळफळाट होतो. कबूल कर."

"गोळी पोटात गेली असेल तर जा आता."

तू हसत जायचास. तुझं खरं होतं, म्हणून मी कधी कबूल केलं नाही. मला भीती फक्त सुईची किंवा ड्रिलची नव्हती. मला ठाऊक होतं की उजवा वाचला तर तू आळीभर सांगणार, "मी बोंबललो म्हणून मास्तरचापण वाचला." आणि ते खरं असणार. मग आईच्या त्या शाबासकीचं काय करायचं, हे मला कळत नव्हतं.

चर्चमध्ये तू मुद्दाम माझ्या शेजारी बसायचास. घंटा वाजली की सगळे गुडघे टेकायचे. तू तर टेकायचासच, बाकावर आवाज करत. मी बसून राहायचो, म्हाताऱ्यांसारखा, डोकं पुढे झुकवून. तुझ्या पाठीचा कणा माझ्या डोळ्यांसमोर सरळ असायचा. भाकर उंचावली जायची आणि मी तुझ्या खुब्याकडे बघत असायचो. कुठल्या फादरांपुढे हे पाप म्हणून सांगायचं?

एकदा आपण दोन्ही घरं मिळून कळंबला गेलो होतो. तू पँट वर दुमडून ओल्या वाळूत चाललास आणि मागे वळून ओरडलास, "मास्तर, बघ, दोन्ही पाय सारखे उमटलेत!" मी गाडीजवळ खुर्चीवर बसून मासे तळल्याचा वास घेत होतो. भरती तुझी पावलं पुसत आली तेव्हा मला बरं वाटलं.

आणि आई गेली तेव्हा. आपल्या आळीत पेटी घराबाहेर काढताना ओट्याच्या पायऱ्या उतरून फाटकापर्यंतचा पहिला खांदा घरच्यांचा. फाटकाबाहेर मग आळी, मग गाव. मी पुढे झालो तर सगळे एकदम म्हणाले, "मास्तर, तुम्ही राहू द्या. तुमचा पाय." आणि तू माझ्या जागी उभा राहिलास. डाव्या पायावर माझ्या आईचं वजन घेऊन तू पायऱ्या उतरलास. त्याच भोक पाडलेल्या, मगज भरलेल्या, गोळ्या खाऊन जगवलेल्या खुब्यावर. मी काठी टेकत मागून चाललो. तिने शिरा तुला दिला होता आणि खांदाही तूच दिलास. त्या दिवशी मी तुझ्याशी बोललो नाही. लोकांना वाटलं, मी शोकात आहे.

डॉक्टर तुला दर वेळी सांगायचे, "सध्या टिकलाय. पुढचं सांगता येत नाही." त्यांनी कधीच हमी दिली नाही. तुझा खुबा तुझ्यापेक्षा जास्त टिकला, इनास. हे त्यांना कळवायला हवं.

गेलास मात्र कसा! मला ते माफ करता येत नाही. दुपारी जेवलास, ओट्यावर आरामखुर्चीत डुलकी घेतलीस, आणि वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा तू नव्हतास. हृदय थांबलं, म्हणाले. ना हाक, ना कण्हणं. मी कुंपणाच्या या बाजूला वह्या तपासत बसलो होतो. मला काहीही ऐकू आलं नाही. मुंगी चावली तरी आळी गोळा करणारा माणूस तू. गप्प राहणं हे एवढं एकच माझं होतं. जाताना तेही घेऊन गेलास.

तुझी पेटी उचलायची वेळ आली तेव्हा पुन्हा सगळे म्हणाले, "मास्तर, तुम्ही राहू द्या."

मी काठी लीनाच्या हातात दिली. तिने काठीबरोबर माझं मनगटही धरलं. मी ते सोडवलं. तू आईला दिलास तसा मला तुला खांदा द्यायचा होता. कर्तव्य वगैरे नंतर सुचलं. त्या वेळी फक्त एवढंच डोक्यात होतं की हे तरी तुझ्या बरोबरीने करायचं. धातूचा डावा पाय मी जपून टाकला. पहिली पायरी गेली. दुसऱ्या पायरीवर सगळा भार उजव्यावर आला आणि आत, जांघेत, कुणीतरी खिळा ठोकला.

मी ओरडलो. "आई गंऽऽ!" असं ओरडलो की पुढचे दोघे थांबले आणि वाडीतले कावळे उडाले. आयुष्यात पहिल्यांदा. कुणीतरी माझ्या खांद्याखालून पेटी घेतली. बायकांमध्ये रडण्याची नवी लाट उसळली. "बघा, किती जीव होता भावावर," असं कुणीतरी म्हणालं. कुणीतरी मला खुर्चीत बसवलं, कुणीतरी पाणी दिलं, एका अनोळखी माणसाने माझी पाठ चोळली. इतकी माणसं माझ्याभोवती कधी जमली नव्हती. तुला हे सगळं रोज मिळत होतं, हे मला त्या खुर्चीत बसून कळलं. आणि मग मी खरोखर रडू लागलो, ते कशासाठी हे मला अजून नीट वेगळं करता आलेलं नाही.

तुझ्या सातव्या दिवसाच्या मिस्सेनंतर फिलूवहिनी आमच्याकडे आल्या. फाटकातून आल्या नाहीत, कुंपणातल्या फटीतून आल्या, जिथून आई तुझ्यासाठी शिरा घेऊन जायची. हातात तुझ्या कुबड्या.

"भावोजी, लोक म्हणतात तुम्ही दुःखाने ओरडलात."

मी त्यांच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

"मी त्या माणसाबरोबर इतकी वर्षं काढली. दुःखाची बोंब आणि हाडाची बोंब मला वेगळी कळते. उजवा ना?"

"वहिनी, आत्ता हे कशाला? तुमचं अजून…"

"माझं माझ्यापाशी. मरायच्या आदल्या रविवारीसुद्धा घरात येऊन म्हणाले होते, 'मास्तर उजवीकडे झुकून चालायला लागलाय, मला सांगत नाही.' उद्या तुम्ही जाताय की मी आळी गोळा करू?"

त्यांनी भिंतीला कुबड्या टेकवल्या आणि त्या गेल्या. लीना दारात उभी होती. ती हसत होती की रडत होती ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी माणिकपूर. तीच खुर्ची, तोच प्रश्न. "सर, किती दिवस दुखतंय?" माझ्या तोंडात 'थोडे' आलं होतं, इनास. अगदी ओठांवर. मी थांबलो. मग म्हणालो, "चार महिने होऊन गेले. जांघेत. गुडघ्यापर्यंत उतरतं. जिना चढताना जास्त. मी कुणाला सांगितलं नाही." एवढं लांबलचक मी कुठल्याही डॉक्टरशी बोललो नव्हतो. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि लीनाकडे बघितलं. लीना खिडकीबाहेर बघत होती.

एमआरआय झाला. डाग वाढलाय. त्यांनी फिल्म उजेडासमोर बराच वेळ धरली, आणि त्या वेळात मी तुझ्यासाठी कधी म्हटली नसेल इतकी प्रार्थना माझ्या हाडासाठी म्हटली. मग म्हणाले, "गोल अजून शाबूत आहे. काठावर आहे, पण आहे. लगेच करू. हमी देत नाही." मी म्हणालो, "माझ्या भावालाही दिली नव्हतीत."

येत्या आठवड्यात करतायत. तेच भोक, तोच मगज, त्याच रविवारच्या गोळ्या. तुला हवं होतं तेच सगळं, तुला हवं तसं. वादात शेवटी तूच जिंकलास, आणि कुंपणाशी उभं राहून तसं सांगायला तू नाहीस. मला सांगता येत नाही यातलं कशाचं जास्त वाईट वाटतं.

आज संध्याकाळी अंगणात कुबड्या घेऊन चालायचा सराव केला. तू उंच, मी बुटका. बटण दाबून दोन्ही कुबड्या दोन दोन भोकं खाली घ्याव्या लागल्या. लुंगीच्या कापडाला अजून तुझ्या घामाचा वास आहे. लीना म्हणाली, धुऊन देते. मी नको म्हटलं. फाटकापर्यंत गेलो, परत आलो, कुंपणाशी थांबलो. तुझी आरामखुर्ची कुणीतरी आत नेलीय. ओट्यावर तिच्या पायांचे डाग तेवढे आहेत.

घसा खाकरला. आजूबाजूला बघितलं. आणि वर्गात शेवटच्या बाकाला ऐकू जावं तेवढ्या आवाजात ओरडलो, "इनास, दुखतंय रे! उजवीकडे! जांघेत!"

केळीच्या पलीकडून, तुझ्या स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज थांबला.

"ऐकलं हो, भावोजी!" वहिनी म्हणाल्या. "पाय टेकू नका. आले!"

असं उत्तर तुला रोज मिळत होतं, इनास. रोज.